सुबरावअण्णाच्या फियाटचं ब्रेक

बेळगावजवळच्या हिंडलग्यात फियाट एकच, आणि ती सुबरावअण्णाची. चौऱ्याहत्तरचं मॉडेल, दुधी रंग, आणि कंपनीबाहेरचा एक खिळा सुदिक त्यात न्हाय, असं अण्णा सांगायचा. कुणी इचारलं न्हाय तरी सांगायचा. सातवीत शाळा सुटली, मग पंचवीस वर्सं ट्रकवर गेली. पण नुसता आवाज ऐकून गाडीचं दुखणं सांगणारा बेळगावात आपुन एकटाच, हे अण्णाचं बोलणं त्येच्या बायकोला, जयवंताला, तोंडपाठ झालतं.

धाकटा भाऊ परशराम. उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या वस्तीत, दुसऱ्याच्या साच्यावर रबर वतून वतून आता त्येनं स्वतःचं बारकं शेड टाकलंय. ऑइल सील, बुश, ब्रेकच्या आतल्या रबरी वाट्या, सगळं करतो. गिऱ्हाईक लांबलांबनं येतं. पण थोरल्याच्या फियाटला त्यातलं कायबी लागलं नव्हतं. परशाचं ते डुप्लिकेट, आपल्या गाडीला कंपनीचंच पायजे, असं अण्णा चारचौघांत म्हणायचा. परशराम हसून सोडून द्यायचा. दोन वर्सांमागं एका लग्नात अण्णा सोयऱ्याधायऱ्यांपुढं असंच बोलला, माणसं फिदीफिदी हसली, आणि त्या दिसापासनं परशराम त्या गाडीत बसला न्हाय. भांडला बी न्हाय. त्येचं अण्णाला जास्त लागायचं.

यंदा निपाणीला बहिणीच्या, अक्काताईच्या, नातवाचं बारसं निघालं. फियाट घिऊन येतो म्हणून अण्णानं फोनवर सांगून टाकलं. आणि चार दिस आधी ब्रेकचं पायडल खाली बसाय लागलं. निपाणीच्या अलीकडं तवंदीचा घाट हाय. जयवंता म्हणाली, बसनं जाऊ. अण्णानं तिच्याकडं बघितलं बी न्हाय.

त्येच्याकडं माल हुता ना. खानापुरातलं एक जुनं दुकान वीस वर्सांमागं बंद झालं, तवा ब्रेकचं कंपनीचं किट त्येनं उचललं हुतं, शिक्क्यासकट. ते देव्हाऱ्याच्या फळीवर असायचं. दर खंडेनवमीला पाने, जॅक, हातोडी यांच्या पंगतीला ते बी पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, आणि रबर वाळू नये म्हणून वाट्यांवरनं इंजिन ऑइलचं बोट फिरवायचं. एक खंडेनवमी चुकली नव्हती.

दुसऱ्या सकाळी अण्णानं ब्रेकचं सिलिंडर खोललं, पुसून लख्ख केलं, आणि नवी वाटी आत घालाय गेला. वाटी जाईना. त्येनं अंगठ्यानं रेटली, तवा कशीबशी गेली. सगळं जोडून पायडल दाबलं तर गाडी जाग्यावर धरली, आणि पाय काढला तरी सोडंना. चाकं आवळलेली ती आवळलेलीच. परत खोललं. जुनी वाटी आणि नवी वाटी शेजारी ठिवली, तर नवी चांगली जाड दिसली. मऊ पडलेली, भिजल्या भाकरीगत.

अण्णा पायरीवर बसून राहिला. मग गावात जाऊन दुकानात तसल्याच किटची एक डबी बघितली. वर कंपनीचं नाव, पण छपाई फिकट आणि तारीख कुठंच न्हाय. असला माल त्येला कुणी गळ्यात मारू शकत न्हाय. डबी परत ठिवली. तिथनं स्कूटर वळली ती उद्यमबागेकडं.

परशरामनं वाटी हातात घेतली. नख रुतवलं, वास घेतला.

"अण्णा, ह्येला तेल लावलंस काय?"

"खंडेनवमीला."

"किती वर्सं?"

"वीस."

परशराम हसला न्हाय. हसला असता तर अण्णा उठून गेला असता. ब्रेकच्या रबराला ब्रेकचंच ऑइल चालतं, दुसरं तेल पिऊन ते फुगतं, एवढंच त्येनं सांगितलं. मग सिलिंडर उजेडात फिरवून बघितलं.

"लोखंड तुझंच ऱ्हाऊ दे. असं वतीव काम मला बी जमायचं न्हाय. रबर तेवढं ताजं पायजे. माझं हाय, पण ते डुप्लिकेट. चालंल काय?"

शेडात मशीन धडधडत हुतं. अण्णानं कपाळ पुसलं, खाली बघितलं.

"तू आपल्या हातानं बसीव. चालंल."

"बसीवतो. पण घाटात मी तुझ्या शेजारी बसणार. माझ्या रबरावर तू जाणार, तर मी बी येतो."

बारशादिवशी दोघं भाऊ पुढं, जयवंता मागं. तवंदीच्या उतारावर उसाची ट्रॉली आडवी आली. अण्णानं पाय दाबला. पायडल घट्ट लागलं, गाडी सरळ रेषेत हळू झाली, पाय उचलल्यावर मोकळी सुटली. घाट उतरल्यावर अण्णानं गाडी कडंला घेतली, खाली उतरून चारी चाकांना हात लावून बघितला. चारी सारखीच कोमट. आवळलेलं एक बी नव्हतं.

निपाणीत अक्काताईच्या दारात पावणं गाडीभवती जमलं. अक्काताईच्या व्याह्यांनी, जोतिबा पावण्यांनी, बॉनेटवर थाप मारली. "काय अण्णा, सगळं कंपनीचंच न्हवं?"

परशराम चप्पल काढाय वाकला हुता. तसाच थांबला.

"ब्रेकचं रबर सोडून," अण्णा म्हणाला. "ते आमच्या परशाचं. घाटात ट्रॉली आडवी आलती पावणं, आणि ह्यो शेजारी बसून शेंगा खात हुता. असलं रबर अख्ख्या कर्नाटकात..."

"पुरे की अण्णा," परशराम म्हणाला. "आत चला."

"तू गप रं. तुला काय कळतंय रबरातलं," अण्णा म्हणाला, आणि पावण्यांना दाखवाय बॉनेट उघडलं.