केशरी चित्राच्या जागी

आमच्या घरापासून विहिरीकडे जायची वाट उसातून आहे. सात-आठ मिनिटांची. ओझरच्या अलीकडे आमची वस्ती, आणि या पट्ट्यात ऊस म्हटला की बिबट्या आलाच. आम्ही त्याला वाघच म्हणतो. गेल्या वर्षी त्यानं शेजारच्या गोठ्यातून कालवड नेली, तीही दिवसाउजेडी. वडील गेल्यापासून मोटर चालू-बंद करायचं काम आईकडे आहे. त्या वाटेनं आईनं एकटीनं जाऊ नये, याहून जास्त मी कधी कुणाकडे काही मागितलं नाही.

ते मागणं पुरं केलं एका ॲपनं. मी ज्या कंपनीत काम करतो ती विहिरीवरच्या मोटरीला जोडायचा मोबाईल स्टार्टर विकते. घरात बसून मोबाईलवर बोट ठेवलं की मोटर चालू, पुन्हा ठेवलं की बंद. मंचरमध्ये एका खोलीत माझं ऑफिस आहे, राहतोही तिथंच. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांना हे शिकवायचं आणि काही बिघडलं की फोनवर त्यांची बोलणी खायची, असं माझं काम. पहिला स्टार्टर मी आमच्याच विहिरीवर बसवला.

आईला वाचता येत नाही. मोबाईलवरच्या पन्नास चित्रांतून तिला आपलं चित्र कसं ओळखायला लावायचं, हा प्रश्न होता. ॲपचं चित्र तेव्हा केशरी होतं. गोल केशरी, त्यात दोन पांढरे थेंब, खाली वळलेली एक जाड रेघ. ज्यानं ते काढलं त्याच्या मते तो उगवता सूर्य, पाणी आणि पाईप होता. मी आईला म्हटलं, "हा बघ, आपला ओझरचा गणपती. शेंदूर, दोन डोळे आणि सोंड. त्याच्यावर बोट ठेवायचं."

आईनं बघितलं आणि आधी हात जोडले. मग बोट कपाळाला लावून चित्रावर टेकवलं. लांबून मोटरीचा आवाज आला तेव्हा तिचा चेहरा असा झाला की मी मुद्दाम बाहेर गेलो.

आईला जमलं ते बाकीच्यांनाही जमेल म्हणून मी सगळीकडे तसंच शिकवू लागलो. पुण्याच्या ऑफिसात याला आयकॉन म्हणतात. माझ्या दोन तालुक्यांत त्याला गणपतीच म्हणायचे. "गणपती दाबला का?" असं मी फोनवर दिवसातून वीस वेळा विचारायचो. काही जण मोटर लावताना पायातलं पायताण बाजूला काढायचे. डिंगोऱ्याच्या एका म्हाताऱ्यानं तर खंडेनवमीला कोयता-खुरप्यांच्या शेजारी मोबाईल मांडला आणि पडद्यावर नेमक्या त्या चित्राला कुंकू लावलं. पुढे दोन दिवस त्याचं बोट पडद्यावर नीट चालेना, तेव्हा फोन मला आला. मी हसलो. वरच्यांना यातलं काही कळवलं नाही. चाललंय ते चालू द्यावं, एवढंच शहाणपण इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्याकडे जमलं होतं.

मग एक दिवस पुण्याच्या ऑफिसातल्या मॅडमचा फोन आला. ॲपचं रूप जुनाट दिसतं, नवीन आयकॉन तयार आहे, तुम्ही दहा शेतकऱ्यांना दाखवून त्यांच्या प्रतिक्रिया लिहून आणा. मी बघितलं. फिकट निळा चौकोन, कोपरे गोल केलेले, मधे तिरकी पांढरी रेघ. बँकेचं असेल, दवाखान्याचं असेल, कशाचंही असेल.

त्याच वेळी बोलायला हवं होतं. हे चित्र इथं चालणार नाही हे साऱ्या कंपनीत एका माणसाला पक्कं ठाऊक होतं, आणि तो मी होतो. पण बोललं की बैठक होते, बैठकीत आपल्याला समजावून सांगतात, मग आपण समजल्यासारखं करतो. याआधी तीन वेळा बोलून बघितलं होतं. तेव्हापासून कानाला खडा लावला होता.

प्रतिक्रिया गोळा करायचा तो दिवसही तसलाच गेला. सकाळपासून तीन विहिरी झाल्या होत्या, तिसऱ्या विहिरीवर स्टार्टरच्या पेटीत मुंगळ्यांनी घर केलं होतं आणि माझे हात सुजले होते. दहा शेतकऱ्यांकडे आणखी जाणार कोण? अवसरीच्या फाट्यावर चहाला थांबलो. शेजारच्या बाकावर इंजिनिअरिंग कॉलेजच्या दोन मुली बसल्या होत्या. त्यांना मोबाईलवर दोन्ही चित्रं दाखवली. नवीन बघून एक म्हणाली, "भारी आहे." दुसरी म्हणाली, "हो, भारी." त्या दोघींचं भारी मी दहा शेतकऱ्यांत वाटून टाकलं. नाव, वय, गाव, प्रतिक्रिया. बरीच नावं पाठ होती. सातव्या ओळीपाशी कुणाचं नाव लिहावं सुचेना, तेव्हा आईचं लिहिलं. आईच्या नावानं लिहिलेलं कधी अंगाशी येत नाही, असा माझा हिशेब. पुढे लिहिलं: नवीन चित्र आवडलं, लगेच ओळखू येतं.

चहा संपायच्या आत फॉर्म पुरा झाला. मॅडमनं शाब्बास म्हटलं.

दोन महिन्यांनी एका सोमवारी सगळ्यांच्या मोबाईलवर केशरी जाऊन निळं आलं. सकाळी सहाला पहिला फोन.

"पावणं, गणपती कुठं गेला?"

जागा तीच आहे, रंग बदललाय, असं मी सांगितलं.

"रंग न्हाई राव, देवच बदललाय. आमी न्हाई हात लावायचो."

त्या आठवड्यात मी किती फोन घेतले ते मोजलं नाही. एकानं चोरांचं काहीतरी आपोआप आलं म्हणून ॲपच काढून टाकलं आणि वर मलाच सावध केलं, "तुमीबी काढा भाऊ, लई फसवाफसवी चाललीय." एका बाईनं विचारलं की आमच्याकडून काय चुकलं, देव उठून का गेला. तिलाही मी जागा तीच आहे, एवढंच सांगितलं. मंचरच्या पेठेत आमचे स्टार्टर विकणारे एक शेठ आहेत, त्यांच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन दुकान टाकलं होतं. त्यांचा फोन रोज दुपारी. शेठ कधी आवाज चढवत नाहीत, त्याचाच जास्त त्रास होतो. "भाऊ, गिऱ्हाईक येतं, मोबाईल काउंटरवर टाकतं आणि म्हणतं, आमचा देव परत द्या. आता मी दुकानदार माणूस, देव कुठून देऊ? तुम्ही बदलताना कुणाला विचारलं होतं की नाही?"

"विचारूनच बदललंय शेठ," मी म्हणायचो. शेठनाच नाही, सगळ्यांना. "शेतकऱ्यांना विचारूनच बदललंय." पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळली. तिसऱ्या दिवशी नमस्कार म्हणावा तितकं सहज येऊ लागलं.

पुण्याहून वेगळीच मागणी आली. आलेल्या प्रतिक्रिया तक्त्यात भरून पाठवा: चांगली, वाईट, मधली. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं ही. देव उठून का गेला, ही प्रतिक्रिया कुठल्या रकान्यात बसते? मी ती मधलीत टाकली. संध्याकाळपर्यंत कान गरम होऊन दुखायचा, मग मी फोन दुसऱ्या कानाला लावायचो. राग नव्हता. रागाला अंगात जोर लागतो. वाटायचं, कुणीतरी येऊन हा फोन हातातून काढून घ्यावा आणि म्हणावं, जा, झोप.

या सगळ्यात आईचे दोन फोन येऊन गेले. दोन्ही वेळा मी दुसऱ्या कुणाला तरी निळा चौकोन समजावत होतो. संध्याकाळी उलटा फोन करून विचारलं, "ठीक ना सगळं?" ती म्हणाली, "ठीक." तिच्या मोबाईलवरही निळं आलं असणार, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. दोन तालुक्यांना समजावत होतो मी. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

दुसऱ्या रविवारी घरी गेलो. दुपारचे चार वाजले असतील. दाराला कडी. हाक मारली, ओ नाही. मग उसाकडून भजन ऐकू आलं. मोठ्यानं, मोबाईलवर लावलेलं, फाटक्या आवाजातलं. इकडे उसातून जाताना वाघानं बाजूला व्हावं म्हणून माणसं अशी गाणी लावून चालतात. मी धावत वाटेच्या तोंडाशी गेलो. समोरून आई येत होती. एका हातात काठी. दुसऱ्या हातात मोबाईल, भजन म्हणणारा. विहिरीवर जाऊन, पेटीतलं बटण हातानं दाबून, मोटर चालू करून ती परत येत होती. जी मोटर त्याच मोबाईलवर बोट ठेवलं की चालू झाली असती.

मला इतकी भीती वाटली की आधी मी तिच्यावर ओरडलो. "एकटी कशाला गेलीस? किती दिवस चाललंय हे?"

"झालं की धा-बारा दिस."

"आणि मला सांगायचं नाही?"

"तुझा फोन लागंना. आन तू दिसभर लोकांची बोलनी खातो, त्यात माजं आनि कशाला." तिनं भजन बंद केलं आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. "ह्यो बघ. आपला गणपती उठून गेला. त्याच्या जागी कोन येऊन बसलंय, मला ठावं न्हाई. परक्याला हात लावला आन मोटर जळली म्हंजी?"

ओट्यावर बसून मी तिला निळ्या चौकोनावर बोट ठेवायला लावलं. मोटर बंद झाली. पुन्हा ठेवलं, चालू झाली. तिनं या खेपेला हात जोडले नाहीत, बोट कपाळाला लावलं नाही. घंटीचं बटण दाबावं तसं दाबलं आणि मोबाईल बाजूला ठेवला. तेव्हा मला तिचे हात दिसले. मनगटापासून कोपरापर्यंत उसाच्या पातीनं कापल्याच्या बारीक लाल रेघा, काही ताज्या, काही खपली धरलेल्या. दहा-बारा दिवसांच्या, जाता-येता दोन्ही वेळच्या.

"असं बदलताना कुनाला इचारत्यात का न्हाई रं?" तिनं सहज विचारलं. तक्रार नव्हती त्यात.

विचारूनच बदललंय, हे वाक्य तोंडाशी तयार होतं. इतके दिवस तेच म्हणत होतो. पण त्या हातांकडे बघत ते निघेना. आणि नुसतं गप्प बसायचंही त्राण उरलं नव्हतं.

"विचारलं होतं," मी म्हटलं.

"कुनाला?"

"दहा जणांना. म्हणजे, मी कुणाकडे गेलोच नाही. थकलो होतो. चहा पिता पिता दहा नावं लिहिली मीच. त्यात तुझं एक."

आईनं मोबाईल उचलून पडद्याकडे बघितलं. लांब विहिरीवर मोटर चालू होती, तिचा आवाज येत होता. मला वाटलं, आता बोलेल. बोलावं असंही वाटलं. इतक्या लोकांचं ऐकून घेतलं होतं, निदान एकीचं तरी मला लागायला हवं होतं.

"मग काय म्हनले मी?" तिनं विचारलं.

"आवडलं म्हणालीस. लगेच ओळखू येतं, म्हणालीस."

"अस्सं," ती म्हणाली, आणि ओरखडे आलेले दोन्ही हात तिनं पदराखाली घेतले.