चिप्पीवाले साळवे काका

साळवे काकांनी अख्खा क्लाऊड छापून घेतला होता. तीन कंपन्यांच्या क्लाऊडबद्दल आणि व्हर्च्युअलायझेशनबद्दल जी माहिती इंटरनेटवर फुकट वाचायला मिळते, ती त्यांनी गुडगावच्या आमच्या सेक्टरमधल्या फोटोकॉपीवाल्याकडून कागदावर उतरवली, स्पायरल बाइंडिंग केलं आणि वर खाकी कव्हरं घातली. पाच खंड झाले. प्रत्येकावर शाळेच्या वहीसारखं लेबल, त्यावर नाव आणि विषय. क्लाऊड म्हणजे डोळ्यांना न दिसणारी, जागा न अडवणारी वस्तू, असं व्याख्यान देणाऱ्या तज्ज्ञांनी तो काकांच्या हातातून एकदा बसपर्यंत वाहून न्यायला हवा होता.

मानेसरच्या आमच्या कारखान्यात त्यांना ‘चिप्पीवाले साळवेजी’ म्हणत. चिप्पी म्हणजे डकवलेला कागदाचा तुकडा. ती खोड जुन्या नोकरीची. काका आणि माझे बाबा दिल्लीत एकाच मंत्रालयात होते, म्हणून तर ते मला साळवेजी नव्हते, काका होते. त्या मंत्रालयात नियम बदलला की नवं पुस्तक येत नसे. दुरुस्तीची छापील पट्टी येई आणि ती जुन्या ओळीवर डिंकाने चिकटवायची असे, म्हणजे जुना नियम चुकूनही कुणाच्या नजरेस पडणार नाही. उदारीकरणात मानेसरला नवे कारखाने उभे राहिले तेव्हा काका कायमची सरकारी नोकरी सोडून गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायला आले. बाबांनी त्यांना वेड्यात काढलं. नोकरी सुटली तरी डिंकाची बाटली सुटली नाही. क्लाऊडवाले दर आठवड्याला काही ना काही बदलतात. काका दर शनिवारी ते बदल छापून, कात्रीने कापून, आपल्या पाच खंडांत डकवत बसत. काकूंना जेवणाचं टेबल संध्याकाळी मिळे.

हा अभ्यास हौसेचा नव्हता. कंपनीत गुडगावच्या काचेच्या इमारतीतून एक नवे साहेब आले होते. त्यांच्या हुद्द्यात ट्रान्सफॉर्मेशन हा शब्द होता आणि बोलण्यात दुसरा शब्द क्वचितच असे. त्यांनी पहिल्याच महिन्यात फर्मान काढलं: मार्चअखेर ज्याच्याकडे मल्टिक्लाऊड आणि व्हर्च्युअलायझेशनचं सर्टिफिकेट नसेल, त्याचा सर्व्हरचा पासवर्ड काढून घेतला जाईल. ज्या सर्व्हर रूममध्ये काकांनी वीस वर्षं काढली, जिथली प्रत्येक वायर त्यांनी स्वतःच्या हाताने ओढली होती, तिथे शिरायला आता त्यांना परीक्षा द्यायची होती. परीक्षा तेव्हा मीही देत होते. मी सव्वीस वर्षांची, काका चौपन्न वर्षांचे. साहेबांच्या मते यालाच समान संधी म्हणतात.

आम्ही कंपनीच्या बसमध्ये अभ्यास करायचो. काका खिडकीशी, मांडीवर एक खंड. मला व्हर्च्युअलायझेशन काही केल्या कळेना, तेव्हा त्यांनी ते दिल्लीतल्या लाजपतनगरच्या कोठीवरून, म्हणजे बंगल्यावरून समजावलं. कोठी एक, भाडेकरू चार. प्रत्येकाला वाटतं, नळ आपला, मीटर आपलं, घर आपलं. पाणी कुणाला किती सोडायचं हे फक्त मकानमालकाला माहीत. ते चार भाडेकरू म्हणजे व्हर्च्युअल मशीन. मग मी विचारलं, मल्टिक्लाऊड काय? काका म्हणाले, “तीन मकानमालक, तिघांचे नियम वेगळे, आणि सामान आपलंच. त्यामुळे कुठली पेटी कुठे ठेवली ते आपल्याला माहीत पाहिजे, अगं, मकानमालकाला नाही.” मी आजही नवीन मुलांना हेच सांगते, फक्त कोठीऐवजी सोसायटी म्हणते.

बाकी मंडळींचा अभ्यास वेगळ्या मार्गाने चालला होता. सेक्टर मार्केटमध्ये मोमोजच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक कोचिंग क्लास होता. तिथे मागच्या परीक्षांत येऊन गेलेले प्रश्न उत्तरांसकट मिळत. त्याला डंप म्हणतात आणि तो पाठ करण्याला प्रिपरेशन. आमच्या विभागातला एक जण अशी पाच सर्टिफिकेटं घेऊन आला होता. एकदा सर्व्हर बंद करायची वेळ आली तेव्हा त्याने काकांना हळूच विचारलं, “साळवेजी, बटन किस तरफ है?” साहेबांनी त्याच आठवड्यात त्याचा फोटो नोटिस बोर्डावर लावला.

काका पहिल्या प्रयत्नात नापास झाले. परीक्षा एका मॉलच्या तळघरात होती. मी बाहेर थांबले होते. ते बाहेर आले आणि बसून पाणी प्याले. थोडक्यात हुकलं होतं. चूक कुठे झाली ते बसमध्ये एकेक प्रश्न आठवून आमच्या लक्षात आलं. प्रश्नपत्रिका जुनी होती. क्लाऊड दर आठवड्याला बदलत होता, पण परीक्षा घेणाऱ्यांनी दीड वर्षात प्रश्न बदलले नव्हते. त्यांना जी उत्तरं बरोबर वाटत होती, ती काकांच्या खंडांत चिप्प्यांखाली दबलेली होती. काकांनी सगळीकडे आजचं खरं उत्तर लिहिलं होतं. त्या परीक्षेला बसलेल्यांत ज्याला चुकीची उत्तरं येतच नव्हती असा हा एकटाच माणूस असावा, आणि तोच नापास.

दुसरा प्रयत्न मार्चअखेरच्या आत शक्य होता. मी तोवर डंप पाठ करून पास झाले होते. हे लिहिताना मला अजूनही शरम वाटते, पण झाले होते. मी तोच डंप काकांना नेऊन दिला आणि म्हटलं, काका, फक्त दोन दिवस वाचा. त्यांनी वाचला. तिसऱ्या दिवशी बसमध्ये परत दिला तेव्हा त्यात लाल पेन्सिलीने पानोपानी दुरुस्त्या होत्या, समासात खंड आणि पानाचा आकडाही. चुकीच्या उत्तरांची वेगळी यादी शेवटी जोडली होती. क्लासवाल्याला नेऊन दे म्हणाले, बिचारा पोरांना चुकीचं शिकवतोय.

मला हसावं की रडावं कळेना. काकूंनी मला फोन करून सांगितलं होतं की काकांना झोप लागत नाही, ते नुसते सर्व्हर रूमबद्दल बोलतात. म्हणून मी जरा रागानेच म्हटलं, की काका, परीक्षेपुरतं चुकीचं लिहा, बाहेर आल्यावर विसरून जा.

काका म्हणाले, “कारखान्याच्या सगळ्या ऑर्डरी माझ्या हाताखालच्या यंत्रावर चालतात. आकडा चुकला तर पूर्ण शिफ्ट बसून राहते. हाताला एकदा चुकीचं वळण लागलं, तर ते परीक्षेपुरतं आहे हे हाताला कोण सांगणार?”

दुसऱ्या परीक्षेतही त्यांनी खरीच उत्तरं लिहिली. या वेळी मार्क पहिल्यापेक्षा कमी पडले, कारण मधल्या काळात क्लाऊड आणखी बदलला होता आणि काका त्याच्याबरोबर होते.

एक एप्रिलला त्यांचा पासवर्ड बंद झाला आणि त्यांची बदली गेटवर, पाहुण्यांना पास देणाऱ्या खिडकीवर झाली. त्यांची खुर्ची मला मिळाली. साहेबांनी माझं अभिनंदन केलं आणि हातात एक फॉर्म दिला: नॉलेज ट्रान्सफर पूर्ण झालं, खाली जुन्या माणसाची सही. एका तासात उरका म्हणाले. वीस वर्षांना एक तास हा त्यांचा हिशेब होता.

मी फॉर्म घेऊन सर्व्हर रूममध्ये गेले. काका आपल्या वस्तू पिशवीत भरत होते. मी काय बोलणार ते तीनदा मनात जुळवलं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं. मी म्हटलं, “काका, मला यातलं काहीच येत नाही. मी नुसतं पाठ केलं होतं.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांना आधीच माहीत असणार. “सर्टिफिकेट हातात आलं ना?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“छान झालं. म्हणजे परीक्षेची कटकट मिटली,” ते म्हणाले आणि पिशवी खाली ठेवून त्यांनी माझ्यासाठी स्टूल ओढलं. “बस. आता शिकूया.”

गेटवरची ड्यूटी संपली की ते रोज संध्याकाळी तासभर येत, मला भेटायला आलेल्या पाहुण्याचा पास स्वतःच बनवून, गळ्यात अडकवून. मला जे काही येतं ते त्या संध्याकाळींचं आहे. फॉर्मसाठी साहेब रोज विचारत आणि मी रोज ‘उद्या’ म्हणायचे. मी एकटीने सगळे सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करून दाखवले, तेव्हा काकांनी त्या फॉर्मवर सही केली. त्याला दोन महिने लागले.