पाठीला पाठ लावून वायरिंग

आमच्या आयटीआयतल्या वायरमनच्या सरांइतका आज्ञाधारक माणूस अख्ख्या देऊळगाव राजात झाला नाही, आणि त्या आज्ञाधारकपणाचा पोरांना जेवढा धाक होता तेवढा कुणाच्या छडीचाही नसेल. मी शेजारच्या वर्गात गणित शिकवतो, त्यामुळे मी याचा रोजचा साक्षीदार. पोरांनी कामाच्या सूचना वहीत लिहायच्या आणि सरांनी त्या शब्दाला शब्द पाळायच्या, असा त्यांचा खाक्या. एकानं लिहिलं, 'वायर सोलून स्क्रूखाली घाला.' सरांनी हातभर वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत सोलली आणि उघडी तार त्याच्यापुढे धरली, "किती सोलायची, हे कोन सांगन बे?" दुसऱ्यानं नुसतंच 'बटण दाबा' लिहिलं, तेव्हा सर दिसेल ते बटण दाबत व्हरांड्यापर्यंत गेले, सुट्टीची घंटा वाजली आणि माझा वर्ग अर्धं त्रैराशिक फळ्यावर टाकून सायकलींकडे पळाला. 'जरा', 'नीट', 'तिकडं' या शब्दांना त्यांच्याकडे बंदी होती. घरी वहिनींनी भाजीत जरा मीठ टाकायला सांगितलं, तर हे चमचा घेऊन माप विचारत उभे. त्या माउलीनं शेवटी त्यांना स्वयंपाकघरच बंद केलं.

परीक्षेची रीत तर विलक्षणच. दोघांना पाठीला पाठ लावून बसवायचं. एकानं तोंडानं सांगायचं, दुसऱ्यानं ऐकून बोर्ड जोडायचा. वळून पाहिलं की नापास. मी एकदा म्हणालो, समोरासमोर बसवा की. ते म्हणाले, खरं काम पडतं तेव्हा सांगणारा समोर नसतोच.

गेल्या हरभऱ्याच्या दिवसांत अशीच परीक्षा चालू असताना दुसरबीडच्या एका मुलीचा फोन वाजला. शेतातून आई रडत होती. विहिरीवरच्या मोटारखोलीत वडील शॉक लागून स्टार्टरला चिकटले होते. वर्गात एकच गलका झाला, मीही धावत आलो. सरांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि मुलीकडे पाहून नुसती मान हलवली.

तिचा आवाज कापत होता, शब्द मात्र नाही. "आई, बाबाले हात लावू नको. दाराकडं तोंड कर. तू पिशवी अडकवते तो खिळा दिसते?"

"हाव."

"त्याच्या खाली मेन स्विचचा लाल दांडा हाय. तो पार खाली ओढ."

खटका पडल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. मग काहीतरी धपकन पडलं. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग एका पुरुषाचं कण्हणं आलं, पाणी मागणारं.

तळहात भाजला होता, जीव वाचला होता. पोरांनी मुलीला डोक्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं. सरांनी आणि मी तिला स्टँडवर नेऊन बसमध्ये बसवलं. स्टँडच्या बाकावर सर अचानक बसले.

"तिच्या जागी मी असतो ना," ते हळूच म्हणाले, "तर नुसता ओरडलो असतो."

बस वळणाआड गेली, तरी आम्ही तिकडेच पाहत बसलो होतो.