पाहुण्यांसाठी शिवलेलं अस्वल

धुळ्याच्या माझ्या बहिणीने एका वर्षाच्या नातवासाठी कापडी अस्वल शिवायला घेतलं. हातपाय थेट शिवले तर ते मऊ राहतं, बाळ कुशीत घेऊन झोपतं. आत चकत्या घालून सांधे केले तर हातपाय फिरतात, अस्वल ऐटीत बसतं. सुईत कधी दोरा न ओवलेल्या मेहुण्यांनी निकाल दिला: सांधे हवेतच, पाहुण्यांसमोर नीट बसलं पाहिजे.

"पोऱ्यासाठे शे का पाहुणासाठे?" बहिणीने विचारलं.

"तुले काय समजस?"

सांधे झाले. अस्वल प्लॅस्टिकच्या पिशवीसकट हॉलमधल्या शोकेसमध्ये गेलं. परवा मी गेलो तेव्हा नातू काचेवर हात आपटत रडत होता. मेहुण्यांनी काच सरकवली, पिशवीतल्या पिशवीत अस्वलाचे हात स्वतःच फिरवले, माझ्याकडे बघून कौतुकाने हसले आणि "मळी जाई", म्हणजे मळेल, म्हणत काच लावून घेतली.