टर्कीला हाक

काही सांगायचं असलं की काकू आधी शेजारच्या जागेवर तळहात आपटायच्या. "बैस." माणूस बसला की, "आता हलू नको." आमच्या टाउनशिपमध्ये सगळी बोलणी सायकलवरून एक पाय जमिनीला टेकवून व्हायची, त्यामुळे हा प्रकार मला नवीन होता. बसवल्याशिवाय न बोलणारी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. त्यांच्यापुढे आपण उगाचच शहाण्यासारखे वागतो.

मी तेव्हा भोपाळच्या मोठ्या कारखान्यात ट्रेनी इंजिनियर होतो. पुण्याहून नुकताच आलेला, म्हणजे आपल्याला सगळं येतं अशी ठाम समजूत. काका-काकू समोरच्या क्वार्टरमध्ये राहत. काका अकाउंट्समध्ये होते. काकू ग्वाल्हेरच्या, माहेरी शिकारीचा नाद. वडिलांची दुनळी बंदूक, लायसन्ससकट, काकूंच्याच नावावर आली होती. तेव्हा शिकारीवर आजच्यासारखी बंदी नव्हती. बंदूक कपाटात असे आणि त्या कपाटासमोरून काका जरा अंग चोरूनच जात.

कारखान्यात परदेशी तज्ज्ञ असत. त्यातल्या एका साहेबाने बंगल्याच्या मागे टर्की पाळले होते. टर्की म्हणजे आपल्या कोंबड्याचा थोराड, तापट चुलतभाऊ. माद्या नाताळात साहेबाच्या टेबलावर गेल्या. नर शहाणा निघाला, कुंपण ओलांडून टाउनशिपमागच्या पळसाच्या झुडपांत पळाला. आज तिथे अयोध्या नगरची घरं आहेत.

फाल्गुन लागला, पळस फुलला आणि या पठ्ठ्याला माज आला. सकाळच्या शिफ्टचा भोंगा झाला की तो झुडपांतून घशातल्या घशात गडगडून त्याला उत्तर देई, आणि मग रस्त्यावर येऊन सायकलवाल्यांच्या पोटऱ्या धरी. एकदा तो आमच्या मॅनेजरसाहेबांच्या स्कूटरमागे लागला. साहेब स्कूटरसकट नालीत गेले.

त्या दिवशी कँटीनमध्ये साहेबांनी विचारलं, "बंदूक चलाना कौन जानता है?" माझा हात वर गेला. तो का गेला हे मला आजतागायत कळलेलं नाही. कॉलेजात एन.सी.सी.मध्ये पालथं पडून मी काही गोळ्या झाडल्या होत्या आणि समोरचं लक्ष्य सुखरूप राहिलं होतं, एवढाच काय तो अनुभव.

"होली से पहले हो जाना चाहिए," साहेब म्हणाले. मी अजून पर्मनंट झालो नव्हतो. आता माघार घेणं म्हणजे नाक कापून घेणं होतं.

संध्याकाळी बंदूक मागायला गेलो. काका मला फाटकाशीच थांबवून हळू आवाजात म्हणाले, "त्यांना फार बोलायला लावू नकोस." काकूंचा आवाज थंडीपासून बसलेला होता, हे गल्लीत सर्वांना माहीत होतं. महिला मंडळाच्या भजनात पूर्वी पहिला सूर त्यांचा असायचा. आता बायकांनी त्यांना नुसत्या टाळ्या वाजवायला सांगितलं होतं. ही सर्दी नाही, हे मला काकांकडून कळलं. घशात गाठ होती. होळी झाली की मुंबईला ऑपरेशन, आणि त्यानंतर आवाज राहील असं डॉक्टर म्हणत नव्हते.

मी आत जाऊन म्हटलं, "काकू, तुम्ही फक्त बंदूक द्या."

"बंदूक माझ्या नावावर आहे. ती माझ्याशिवाय कुठे जात नाही."

"पण डॉक्टरांनी..."

"बोलायला मनाई केलीय," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "टर्कीला हाक मारायला नाही केलेली."

शिकवणी व्हरांड्यात सुरू झाली. रिकामी बंदूक गुडघ्यावर, पाठ भिंतीला. पायावर मुंगी चढली तरी बसायचं. दूधवाला 'नमस्ते' म्हणाला तरी बसायचं. दूधवाला मुद्दाम म्हणायचा. मला वाटलं होतं, शिकार म्हणजे जंगलात चालणं, माग काढणं, पालापाचोळ्यात वाकून बघणं. त्यासाठी मी न्यू मार्केटमधून खाकी हॅट आणि पांढरे कॅन्व्हासचे बूट आणले होते. काकूंनी बूट निरखून पाहिले. "टेनिसला निघालास, बेटा?"

पहिल्या सकाळी आम्ही उजाडायच्या आत पळसाखाली जाऊन बसलो. काकू नऊवारीवर काकांचा जुना मातकट स्वेटर घालून आल्या होत्या. मी बूट चिखलात माखले होते. त्यांनी मान थोडी खाली घातली आणि घशातून एक आवाज काढला. क्यॉक, क्यॉक, क्यॉक. ओबडधोबड, चिरका, अगदी साहेबाच्या कुंपणाआडून यायचा तसा. मला खरंच वाटलं की मागे एखादी मादी येऊन बसलीय.

लांबून गडगडाट आला. उत्तर होतं ते.

काकूंनी माझ्याकडे वळून पाहिलं. तेवढा खुललेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. "गळा चांगला होता तेव्हा मोर येत, तीतर येत," त्या कुजबुजल्या. "याला हाच आवाज हवाय बघ."

काय सांगू, मला भरून आलं. आणि भरून आलं की मला शिंक येते. तो आलाच नाही.

दुसऱ्या खेपेला तो झाडांमधून दिसला. तो नीट दिसावा म्हणून मी उठून उभा राहिलो. हो, उभा राहिलो. काकूंनी माझी बाही ओढून मला खाली बसवलं. मग म्हणाल्या, "तुला शिकार करायची की त्याचं स्वागत?"

येताना त्या खोकत होत्या. दारात काका कोमट पाण्याचा पेला घेऊन उभे होते. त्यांनी बंदुकीकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. मी म्हटलं, "काकू, राहू द्या. मी साहेबांना सांगतो की मला जमत नाही." काकूंनी पाणी संपवलं. "उद्या," म्हणाल्या.

होळीच्या आदल्या दिवशी आम्ही शेवटचे गेलो. जाताना त्यांनी मला समजावलं, "मी हाका देत राहीन. तो टप्प्यात आला की मी थांबेन. मी थांबले की चाप ओढायचा. त्याआधी नाही. कळलं?" एवढं सोपं मलाही कळलं.

त्या दिवशी मी अजिबात हललो नाही. यात माझं कौतुक नाही, माझे दोन्ही पाय बधिर झाले होते.

आणि तो आला. पिसारा उभा केलेला, डोकं निळं-तांबडं, पंखांची टोकं जमिनीवर खरडत. दोन पावलं टाकी, थांबे, गडगडे. काकू हाक देत. तो आणखी पुढे येई. मी नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा मणी, त्याच्या मानेवर आणली. आता आमच्यात अंगणाइतकं अंतर राहिलं होतं. माझं बोट चापावर, आणि नोकरी, इज्जत, पुण्याचं नाव, सगळं त्या बोटावर.

काकू थांबेनात.

त्या हाक देत, तो उत्तर देई. आवाज मधेच फाटत होता, पुन्हा जुळत होता. तो आमच्यासमोर गोल गोल नाचत होता आणि काकू त्याला हाका मारत होत्या. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. मी शेजारी आहे याचा त्यांना पत्ताच नव्हता.

मग कारखान्याचा भोंगा झाला. तो भोंग्यालाही एकदा गडगडला, पिसारा मिटला आणि ड्यूटीवर निघाल्यासारखा झुडपांत निघून गेला. त्यानंतर काकू थांबल्या.

"काकू, तुम्ही थांबलाच नाहीत."

"थांबवेना रे," त्या म्हणाल्या. "होळीनंतर थांबायचंच आहे."

मी बंदूक उचलली. आम्ही घराकडे निघालो.

कँटीनमध्ये पुढे कितीतरी दिवस मी आत शिरलो की कोणीतरी टेबलाखालून गडगडायचं. 'शिकारी' हे नाव मला तेव्हाच चिकटलं. साहेब लांबच्या रस्त्याने येऊ लागले. ऊन वाढलं तसा टर्कीचा माज आपोआप उतरला आणि मला पर्मनंटही केलं. साहेबांना बहुधा दुसरा इंजिनियर मिळाला नसावा.

काकू मुंबईहून आल्या त्या गळ्याला शाल गुंडाळून. आवाज गेला होता. बोलायचं झालं तर त्या खुणा करत, आणि काका प्रत्येक खूण आम्हाला चुकीची समजावून सांगत. काकू कपाळाला हात लावत. गल्लीला हसू येई आणि हसल्याबद्दल वाईटही वाटे. मला वाईटच जास्त वाटे.

पुढच्या फाल्गुनात काका रिटायर झाले. ग्वाल्हेरला जायचं ठरलं. सामानाचा ट्रक भरून उभा होता, निरोपाला सगळी गल्ली जमली होती. मॅनेजरसाहेबही आले होते. तेवढ्यात पळसाच्या झुडपांतून गडगडाट आला.

सगळे हसले. काकू ट्रकच्या पायरीवरून वळल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, खूण काहीच केली नाही.

मी तोवर टाय लावून कामावर जाणारा, हाताखाली माणसं असलेला इंजिनियर होतो. साहेब माझ्यापासून हातभर अंतरावर. मी मान खाली घातली आणि भर गल्लीत, जमेल तशी, मादीची हाक दिली. क्यॉक, क्यॉक, क्यॉक. साहेब दचकून बाजूला झाले. दूधवाला सायकलवरून उतरला. माझा आवाज मला स्वतःलाच ऐकवत नव्हता.

झुडपं गप्प होती. मी पुन्हा दिली.

या वेळी मी काकूंकडे पाहत होतो. त्यांचं तोंड माझ्याबरोबर उघडत होतं, मिटत होतं, आणि शालीखाली गळा हलत होता.

तिकडून उत्तर आलं. लोकांनी माझी पाठ थोपटली. मी ती थोपटू दिली.