दुखऱ्या हातातलं वल्हं

माझं शिक्षण दुसरीपर्यंत, तेही धड नाही. तरी हे मीच लिहितो आहे. दुसऱ्याकडून लिहून घेतलं तर तो माझी बाजू गोड करून लिहील, आणि मला एक गोष्ट माझ्याच विरोधात लिहायची आहे.

सिरोंच्याजवळ प्राणहितेच्या काठी आमचं गाव. आपल्या जिल्ह्याला तेव्हा चांदाच म्हणत, गडचिरोली वेगळा व्हायला फार वर्षं होती. मी पंचविशीचा असेन. माझा एक डोंगा होता, एका अखंड खोडातून मी स्वतः कोरलेला. त्यात मी एकटा जायचो. दुसरा माणूस घेतला की तो बोलतो, आणि पाण्यावर बोलणारा माणूस मला चालत नाही.

एका हिवाळ्यात डोंगा काठावर ओढताना ओल्या दगडावरून पाय सरकला आणि डाव्या खांद्यावर पडलो. गावातल्या जाणत्यानं हाड बसवलं, पण हात छातीच्या वर जाईना. आमच्याकडे डोंगा चालवायचा लांब बांबूनं. तो उचलायचा, तळाला टेकवायचा, ढकलायचा, पुन्हा उचलायचा. दोन्ही हात डोक्यावर जातात. त्यात जाळं सोडताना डोंगा अगदी हळू, आवाज न करता सरकत राहिला पाहिजे. मी एका हातानं करून पाहिलं आणि जाळ्यासकट पाण्यात पडलो. काठावर नेमका साळा उभा होता.

साळा भला माणूस. म्हणाला, "भाऊजी, डोंगा मी चालवतो. तुमी नुसते बसा." त्यात वाईट काही नव्हतं. पण डोंग्यात नुसता बसणारा माणूस पुढे घरीच बसतो, हे मला दिसत होतं. मी चिडून बोलून गेलो की उन्हाळा लागेपर्यंत मी माझी सोय पाहतो, नाही जमली तर डोंगा तुझा. बायको म्हणाली, असं कोणी बोलतं का. पण बोललो ते बोललो. मागे घेणं माझ्या रक्तात नाही.

आधी लांब वल्हं करून पाहिलं. त्यालाही दोन हात लागतात. मग मला इंजन आठवलं. बांबूच्या एका ठेकेदाराकडे नावेच्या पाठीला लावायचं पेट्रोलचं इंजन होतं. त्याच्या नावेवर मी दोन पावसाळे राबलो होतो, म्हणून त्यानं ते एक दिवस वापरून पाहायला दिलं. बायकोनं विचारलं, "ते काऊन आणलं? मासोळ्या बहिऱ्या हायेत का?" मी इंजन डोंग्याच्या पाठीला बांधायला घेतलं.

इंजन जोरात चाललं. डोहात शिरलो तसे बगळे उडाले. चार डोंगेवाले जाळी टाकून बसले होते, ते माझ्याकडे वळून पाहू लागले. दुपारपर्यंत माझ्या जाळ्यात काही नाही आणि त्यांच्याही नाही. परतताना उथळात इंजनाचा पंखा वाळूत रुतला. मी ते परत केलं आणि गावात सांगितलं की इंजन चांगलं आहे, नदीच उथळ आहे. लोक हसले. मी हसलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या तीरावरून एक म्हातारा कोळी आपल्या नावेतून आला. तेलुगू बोलणारा, मराठी मोडकं. आदल्या दिवशी त्याचंही जाळं रिकामं गेलं होतं, म्हणून शिव्या खायच्या तयारीनं मी उभा राहिलो. त्यानं शिव्या दिल्या नाहीत. माझ्या खांद्याकडे पाहिलं, हात किती वर जातो ते विचारलं, आणि नावेतून एक वल्हं काढलं. हातभर लांब, टोकाला रुंद.

मी म्हणालो, "बाबा, याच्यानं भात ढवळू का?"

त्यानं मला डोंग्यात बसवलं, मागे आपण बसला. मी वल्हं उजव्या हातात घेतलं. त्यानं ते काढून डाव्या हातात दिलं. मी पुन्हा उजव्यात घेतलं. त्यानं पुन्हा काढलं. मग म्हणाला, "तम्मुडू, दुखऱ्या हाताले डोंगा दे. चांगल्या हाताले जाळं दे."

तम्मुडू म्हणजे धाकटा भाऊ. मी वल्हं डाव्या हातात राहू दिलं. इतके दिवस मी उलटंच धरून बसलो होतो. चांगला हात डोंगा चालवेल आणि जाळ्याचं मग पाहू, असंच माझ्या डोक्यात होतं.

त्यानं माझं कोपर बरगडीला टेकवलं आणि नुसतं मनगट हलवायला लावलं. वल्ह्याचं पातं पाण्यातून वर काढायचंच नाही. मासोळी शेपटी हलवते तसं इकडून तिकडे, तिकडून इकडे. खांदा हलत नव्हता, थेंबाचा आवाज नव्हता, आणि डोंगा पुढे चालला होता.

शिकायला महिना गेला. पहिले आठ दिवस डोंगा जागच्या जागी गोल फिरायचा. साळा काठावरून विचारायचा, "भाऊजी, दळण दळून राह्यले का?" म्हातारा दर दोन-तीन दिवसांनी पहाटे, काठावर कोणी नसताना, नदी ओलांडून यायचा, माझं कोपर बरगडीला दाबून धरायचा आणि परत जायचा. मी स्वतःचं वल्हं सागवानाचं केलं. आमच्या चांद्याच्या सागवानापुढे दुसरं लाकूड मला लाकूडच वाटत नव्हतं. त्यानं ते तळहातावर तोललं आणि मान हलवली. म्हणाला, जड आहे, तुझं मनगट संध्याकाळपर्यंत टिकणार नाही, शिवणीच्या हलक्या लाकडाचं कर. मी वाद घातला. आठ दिवस सागवानानं मनगट सुजवून घेतलं आणि मग शिवणीचं केलं.

ऊन तापायला लागलं तेव्हा एका सकाळी मी एकटा डोहात गेलो. डाव्या हातानं डोंगा सरकत राहिला, उजव्या हातानं जाळं सुटत राहिलं. शेजारच्या डोंगेवाल्याला मी जवळून गेलो ते कळलंही नाही. परत आलो तेव्हा टोपली मला एकट्याला उचलेना. बायको पाण्यात उतरली आणि तिनं दुसरी बाजू धरली. टोपली घरापर्यंत डोक्यावरून तिनंच नेली, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

काठावर आठ-दहा जण जमले होते. म्हाताराही होता, आपलं जाळं वाळूवर पसरत. साळ्यानं वल्हं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "हे कोणी शिकवलं, भाऊजी?"

मी म्हणालो, "कोण शिकवते? माह्याच डोक्यातून निघालं."

म्हातारा चार हातांवर होता. त्यानं ऐकलं. साळ्यानं त्याच्याकडे पाहून विचारलं, खरं का बाबा. जाळं झटकत तो म्हणाला, "अवुनु. याचीच अक्कल." अवुनु म्हणजे होय. आणि तो आपल्या कामाला लागला.

डोंगा माझाच राहिला. त्या हातानं मी पुढे चाळीस वर्षं मासोळी धरली, पोरांना वाढवलं, आणि साळ्याला त्याचा स्वतःचा डोंगा कोरून दिला. म्हाताऱ्याच्या घरी मी दर हंगामाला पहिली मोठी मासोळी नेऊन द्यायचो. तो घ्यायचा, आणि त्या सकाळचा विषय त्यानं कधी काढला नाही. मीही काढला नाही. तो गेला तेव्हा मी नदी ओलांडून खांदा द्यायला गेलो, उजवा.

त्यानं मला हात परत दिला. पण त्या दिवशी दहा माणसांत त्यानं माझी मान खाली जाऊ दिली नाही, त्याचं मोल मला हातापेक्षा जास्त वाटतं. आमच्या गावात अजूनही त्या वल्ह्याला माझ्या नावानं ओळखतात. ते माझं नाही. पलीकडच्या तीरावरच्या त्या म्हाताऱ्याचं आहे.