एकतिसाव्या पानावरची ओळ

ज्ञानदेव पाखरे नावाच्या ट्रकचालकाच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. त्याला अकरा वर्षं झाली. चालकांच्या प्रशिक्षणाची पुस्तिका मी संपादित केली होती, तिच्याबद्दल त्यांनी विचारलं होतं. पत्र उशाखाली असतं. दुपारी आडवा झालो की तोंडात कडू पाणी येतं.

डोळा लागतो न लागतो तोच मी ट्रकच्या केबिनमध्ये आहे. जळक्या ब्रेक-लायनिंगचा वास. पाखरेंना मी कधी पाहिलं नाही, तरी ओळखतो.

"बसा मास्तर. पुस्तकवाले ना?"

"पुस्तिका," मी म्हणतो. एवढंच सुचतं. शी!

"तेच ते. उतारावर एक्झॉस्ट ब्रेक चालू ठेवा म्हणता. इंजिनाचा धूर अडतो, गाडी आवरते, लायनिंग तापत नाही. झ्याक. पण रस्ता ओला आणि गाडी रिकामी असली तर?"

"बंद ठेवायचा. मागची चाकं घसरतात."

"मग छापलं का नाही?"

समोरची काच नाही, छापखान्यातलं टेबल आहे. त्यावर एकतिसावं पान. माझ्या हातात लाल पेन.

"ती ओळ पुढच्या पानावर एकटीच जात होती," मी पुटपुटतो. "वाईट दिसत होतं. म्हणून काढली."

"दिसत होतं!" पाखरे थुंकतात. "उत्तर येईपर्यंत पुस्तिकेप्रमाणंच चालवतो, असं कळवलेलं मी. चालवली. तीन आठवडे. मग पावसात, रिकाम्या गाडीसकट दरीत."

टेबलावरून पाणी वाहतंय. टेबल घाटाच्या वळणावर आडवं होत घसरतं.

"दुसऱ्या आवृत्तीत ओळ परत घातलीत म्हणे. कुणाला सांगितलंत?"

स्वतःच्या स्वच्छ बोटांची मला किळस येते.

"मला नको आता उत्तर. गाव आमच्या सरूबाईला म्हणतं, तुझ्या नवऱ्याला गाडी आवरता आली नाही. तिला लिहा."

"मला नीट जमेल का..."

"सजवू नका, मास्तर. लिहा."

जाग येते. त्यांचं पत्र माझ्या मुठीत चुरगळलंय. मागच्या बाजूला, माझ्याच वेड्यावाकड्या अक्षरात: 'रस्ता ओला व गाडी रिकामी असल्यास एक्झॉस्ट ब्रेक बंद ठेवावा.' शाई ओली आहे.

खाली लिहितो: 'सरूबाई, ही ओळ मी काढून टाकली होती. पाखरे माझ्या पुस्तिकेप्रमाणे गाडी चालवत होते. चूक माझी.' आणखी दोन चांगली वाक्यं सुचतात. ती लिहीत नाही.

पत्रावरचाच पत्ता पाकिटावर उतरवतो, चपला घालतो आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पाकीट टाकतो.